शून्य बिघाडांचा कागद

आधी माफी मागतो. आमच्या घरात आजवर अर्जाशिवाय कोणी काही लिहिलेलं नाही, आणि तेही बाबा दुसऱ्याकडून लिहून घेतात, खाली सही तेवढी स्वतः करतात. कॉलेजला गेलेला घरातला मी पहिलाच. लेख लिहिणाऱ्यांच्या रांगेत मी घुसावं हे मलाच पटत नाही. पण या गोष्टीत माझं नाव अडकलेलं आहे, म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

ती काळी गाडी आमच्या गॅरेजमध्ये दुसऱ्यांदा आली तेव्हा टोइंगच्या ट्रकवर बसून आली. बसून म्हणजे खरंच बसून. पुढचा बंपर ट्रकच्या फळीला टेकलेला. रस्त्यावरची पोरं मोबाईल काढून तिचे फोटो काढत होती. ट्रकमागून एका जुन्या जीपमधून तिचे मालक आले. जुनी जीप मात्र कुठेही न थांबता आली होती.

मी जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपारनंतर हायवेवरच्या या गॅरेजमध्ये काम करतो. गॅरेजच्या मालकांना सगळे नाना म्हणतात. माझं काम स्कॅनरचं. स्कॅनर म्हणजे टॅबसारखं यंत्र. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला त्याची वायर लावली की गाडीतले छोटे छोटे कॉम्प्युटर आपापली दुखणी कोडमध्ये सांगतात. मी ते कोड वाचतो, मराठीत समजावतो आणि एस्टिमेट बनवतो. एवढ्यावर गॅरेजमध्ये माझं नाव ‘इंजिनेर’ पडलं आहे.

गाडीचे मालक म्हणजे चोपड्याचे आप्पा. केळीचे व्यापारी. माझे बाबा त्यांचे ट्रक भरायला जातात, घड खांद्यावर वाहून. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे.

आप्पांनी ही जर्मन गाडी सुरतच्या एका दलालाकडून घेतली होती. वय दहा वर्षं. नवी साठ लाखांच्या वर, आप्पांना पडली नऊ लाखांना. पंधरा दिवसांवर त्यांच्या मुलाचं लग्न होतं, धुळ्याला. नवरदेव याच गाडीतून मांडवापर्यंत जाणार, आणि नवरी याच गाडीतून चोपड्याला येणार, हे आप्पांनी गावभर सांगून ठेवलं होतं. पत्रिकेत छापायचं तेवढं राहिलं होतं.

पहिल्यांदा आणली तेव्हाच मी सांगितलं होतं की पुढची डावी एअर बॅग गळते. या गाडीला पुढे लोखंडी स्प्रिंग नसते, रबरी पिशव्या असतात आणि त्यांत हवा. पिशवी चिरली की गाडी त्या बाजूने खाली बसते. मग गाडीतला छोटा कंप्रेसर तिला उचलायला हवा भरत राहतो, भरत राहतो आणि शेवटी बॅटरी संपवून टाकतो. आप्पा तेव्हा म्हणाले होते, “लगीन व्हऊ दे, मंग देखसूत.”

“आता काय झालं आप्पा?” नानांनी विचारलं.

“काय व्हयनं? सकाळी चालूच नही व्हयनी. मंग केळीना ट्रक उभा व्हता, त्याना बॅटरीले वायर लाई. धडाम्! वास उना, आन बठ्ठं बंद.”

नानांनी डोक्याला हात लावला. ट्रकला दोन बॅटऱ्या असतात, एकूण चोवीस व्होल्टच्या. कारला बारा. आमच्याकडे केळीच्या हंगामात काहीही बंद पडलं की पहिला आधार म्हणजे बांधावर उभा असलेला ट्रक. त्याच्या बॅटरीवर सगळं चालतं असा सगळ्यांचा विश्वास. बाराच्या गाडीत चोवीस घातले की काय होतं, ते आप्पांच्या गाडीने वास काढून सांगितलं होतं.

मी स्कॅनर लावला. चार कॉम्प्युटरनी उत्तरच दिलं नाही. मेलेले. बाकीच्यांनी एकूण सदतीस कोड दिले.

संध्याकाळी एस्टिमेट तयार झालं. मुंबईच्या भंगार बाजारातून चार जुने मॉड्यूल, म्हणजे तेच छोटे कॉम्प्युटर, ते या गाडीशी जुळवायचं कोडिंग, नवी बॅटरी, पुढच्या दोन्ही एअर बॅग, कारण एक गेली की दुसरी तिच्याच वयाची असते. शिवाय रेडिएटरच्या फॅनचा मॉड्यूल, तो अर्धवट जळला होता. बेरीज पाच लाखांच्या वर.

आप्पांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही सूट लिहिली आहे का म्हणून.

“नऊ लाखनी गाडी, आन पाच लाखना दवाखाना? काय सांगी ऱ्हायना तू?”

मी घाबरत म्हणालो, “आप्पा, गाडी जुनी झाली म्हणून तिची किंमत उतरली. तिच्या पार्टची नाही उतरली. म्हातारा बैल स्वस्तात मिळतो, पण कडबा तरण्याएवढाच खातो.”

“हाऊ बैल नही शे. गाडी शे.”

मग आप्पांनी खिशातला पेन काढला. हा पेन आमच्या तालुक्यात सगळ्यांच्या ओळखीचा आहे. केळीचा घड मोजताना व्यापारी दांड्याचं वजन कापतो, कारण दांडा कोणी खात नाही. दांडा किती कापायचा हे अर्थातच व्यापारी ठरवतो. त्याच पेनाने आप्पा एस्टिमेट कापू लागले.

“उजवी बॅग काब्रं? उभी शे ना ती?”

“आज उभी आहे.”

“बस. हाऊ दांडा. काट.” पेनाची रेघ. “आन हाऊ फॅन? गाडीमा एसी शे, मंग फॅन कसाले?”

“तो माणसांसाठी नाही आप्पा, इंजिनासाठी. गाडी हळू चालली की वारा लागत नाही, तेव्हा फॅन लागतो.”

“मन्ही गाडी हळू चालत नही. हाऊ बी दांडा.”

नानांनी हिशेबाची वही उघडली. गिऱ्हाईक मोठं होतं. मी कापलेल्या ओळी वजा करून बेरीज पुन्हा मांडली. मला एक वाक्य अजून बोलता आलं असतं, की वरात हळूच चालते. ते वाक्य घरी जाताना सुचलं असं सांगायला मला आवडलं असतं. ते मला तिथेच सुचलं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी दुरुस्त होऊन चारही चाकांवर सरळ उभी राहिली. खरंच छान दिसत होती. आप्पांचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. नवरीचे वडील एका बस डेपोच्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सगळे आबा म्हणतात. गाडी ट्रकवरून गेल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. त्यांनी निरोप पाठवला होता: माझी मुलगी जिच्यात बसणार, तिचा कागद आधी दाखवा. नाहीतर ती आमच्या गाडीतून येईल.

“कागद दे,” आप्पा मला म्हणाले.

“आप्पा, फॅनचा कोड अजून आहे. उजव्या बॅगचं प्रेशरही कमी दाखवतं.”

“पुशी टाक.”

कोड पुसता येतात, हे खरं आहे. स्कॅनरवर एक बटण असतं. ते दाबलं की सगळे कोड जातात आणि त्या मिनिटाला रिपोर्ट काढला तर तो लिहितो: एकूण बिघाड, शून्य. पन्नास-शंभर किलोमीटर चाललं की कोड परत येतात, कारण बिघाड कुठेच गेलेला नसतो.

मी नानांकडे पाहिलं. नाना टायरकडे पाहत होते.

“तुन्हा बाप काय करस आजकाल?” आप्पांनी विचारलं. आवाज अगदी प्रेमळ होता. “त्याले सांग, पुढला हंगाममा बी येजो.”

मी बटण दाबलं. रिपोर्ट निघाला. खाली ‘तपासणी करणार’ असं लिहिलेलं असतं, तिथे माझं नाव छापून आलं. माझं नाव छापलेलं मी तोपर्यंत फक्त हॉल तिकिटावर पाहिलं होतं.

आप्पांनी मलाही वरातीत घेतलं. नवरदेवाच्या शेजारी, मांडीवर स्कॅनर. काही लागलं तर असावा म्हणून. अमळनेरमार्गे गाडी झकास गेली. नवरदेव मला दोनदा म्हणाला, “पाहा, काही नाही झालं.” धुळ्याच्या अलीकडे फॅनचा कोड परत आला. मी स्कॅनर उपरणं टाकून झाकला.

मारुतीच्या देवळापासून लॉनपर्यंत वरात. वैशाखातली दुपार. पुढे डीजे, त्याच्यापुढे नाचणारे. गाडी माणसाच्या पावलानेही चालत नव्हती. एसी पूर्ण. तापमानाचा काटा चढताना मी पाहत होतो आणि डीजेच्या आवाजात माझं कोणाला ऐकू जात नव्हतं. खरं सांगायचं तर मी फार मोठ्याने बोललोही नाही. मग पडद्यावर लाल अक्षरं आली, बॉनेटमधून वाफ निघाली आणि इंजिन बंद. लॉनचं गेट पन्नास पावलांवर होतं.

“ढकला रे!” आप्पा ओरडले.

वीस जण लागले. फेटे सुटले. गाडी तसूभर हलली नाही. या गाड्या बंद पडताना गिअर आपोआप पार्किंगला टाकतात आणि मग चाकं कुलूप लागल्यासारखी होतात. मागे वऱ्हाडाच्या गाड्या, त्यांच्यामागे एक भाजीचा टेम्पो, त्याचा हॉर्न. जिच्यासाठी तेरा लाखांच्या वर घातले, ती गाडी आप्पांच्या सगळ्या पाहुण्यांच्या वाटेत दगडासारखी आडवी.

गेटमधून आबा आले. पांढरा सदरा, टोपी, हातात काही नाही. वाफ पाहिली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, “फॅन फिरला नाही ना?”



“आबा, गाडी एकदम ओके शे,” आप्पा म्हणाले. “कागद दिला ना तुमले.”

आबांनी खिशातून माझा रिपोर्ट काढला. घडी उघडली. माझ्याकडे आणि उपरण्याखालच्या स्कॅनरकडे पाहिलं.

“तुमचंच नाव का हे?”

“हो आबा.”

“शिकलेले दिसता. मला एवढंच सांगा, ताप उतरला असं लिहिलं म्हणजे ताप उतरतो का?”

मग त्यांनी रिपोर्ट पुन्हा नीट घडी करून आप्पांच्या हातात दिला. “तुमच्याकडेच ठेवा. आमच्या मुलीला नको.”

नवरदेव मांडवात चालत गेला. मी दोन सीटमधला कन्सोल उचकटून गिअरचं हाताने सोडवायचं कुलूप शोधलं. त्यात अर्धा तास गेला आणि तेवढा वेळ आबाच माझ्या बाजूला टॉर्च धरून उभे होते. संध्याकाळी नवरी आबांच्या बारा वर्षं जुन्या, पांढऱ्या, स्वतःच्या हाताने सांभाळलेल्या साध्या गाडीतून सासरी गेली. काळी गाडी ट्रकवर चढून तिच्यामागे गेली. बसून.

आप्पांना मी बरीच नावं ठेवली. दलालालाही ठेवली. दहा वर्षांची गाडी आणि केळीचा घड यांत फरक न कळणाऱ्या माणसाने पैसे मिळवावेत याचा मला रागही आला. चांगलं वापरलेलं महाग यंत्र वाईट नसतं. ते घेताना जेवढे दिले, तेवढेच पुन्हा बाजूला ठेवायचे आणि एस्टिमेटमधल्या ओळी कापायच्या नाहीत, एवढंच. हा धडा मी त्यानंतर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्या आवाजात सांगत होतो. जणू वरातीत मी नव्हतोच.

गेल्या आठवड्यात गॅरेजच्या फोनवर पिंपळनेरहून एका माणसाचा फोन आला. त्याने माझं पूर्ण नाव घेतलं आणि तोच का, असं विचारलं. मी हो म्हणालो.

“साहेब, पोरीच्या लग्नासाठी चोपड्याहून काळी गाडी घेतली. तुमचा कागद पाहूनच घेतली, त्यांनी लॅमिनेशन करून दिलाय. शून्य बिघाड. आज सकाळी पाहिलं तर गाडी उजवीकडून खाली बसलीय. काही घाबरण्यासारखं नाही ना?”