चावीवाल्यांची जाहीर माफी

अडतीस वर्षं चावीवाल्यांनी शहराला पाणी सोडलं आणि अडतीस वर्षांत पाणी वेळेवर आलं म्हणून एकाही माणसाने त्यांना बरं म्हटलं नाही. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पाणी आलं की माणूस बादलीकडे बघतो, रस्त्यातल्या झाकणाशी वाकलेल्या इसमाकडे नाही. पाणी आलं नाही की मात्र नेमका त्याच इसमाला शोधत येतो. पाणीपुरवठा खात्यातल्या नोकरीचं सार एवढंच: खांद्यावर छातीएवढी लोखंडी चावी, डोक्यात गल्ल्यांच्या वेळा आणि पाठीमागे कुणाची तरी शिवी. या नोकरीने त्यांना दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या. शिवी कानाआड करून चालत राहणं आणि पाण्याचा वास ओळखणं. पहिली नव्या संकुलात रोज उपयोगी पडली. दुसरीने घोटाळा केला.

बायको गेल्यावर लेक त्यांना आपल्या नव्या फ्लॅटवर घेऊन आली. जावई मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावरच. घरात लेक, तिचं ऑफिस आणि सहा वर्षांची नात. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हणून चावीवाल्यांनी थोडे आढेवेढे घेतले, मग चार सदरे आणि एक पेटी घेऊन नवव्या मजल्यावर आले.

संकुल नवंकोरं होतं. सहा इमारती, प्रत्येकीला एकेका झाडाचं नाव, आणि त्यातलं एकही झाड आवारात नव्हतं. हिरवळ होती, पण तिच्यावर चालायचं नव्हतं. ती बघण्यासाठी होती. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नव्हते, कारण समोरून बरं दिसत नाही. लिफ्टमध्ये एक बाई गोड आवाजात मजला सांगायची, आणि तेवढं वगळता तिथे कुणी कुणाशी बोलत नसे. फाटकावरचा पहारेकरी पहिले चार महिने चावीवाल्यांना रोज विचारायचा, "कुणाकडे जायचंय?"

"घरी."

"हो, पण कुणाच्या?"

चावीवाले मुकाट्याने वहीत सही करायचे. चपला साध्या, सदरा धुऊन विटलेला, हातात भाजीची पिशवी. असा माणूस इथे काहीतरी दुरुस्त करायलाच येतो, हा पहारेकऱ्याचा अनुभव होता आणि अनुभव खोटा नव्हता.

संकुलाच्या जाहिरातीत पाण्याचं मोठं कौतुक होतं. पाणी दोन प्रकारचं. एका टाकीत गाळलेलं, पिण्याचं; ते नळांना. दुसऱ्या टाकीत सहाही इमारतींचं सांडपाणी साफ करून साठवलेलं. ते फक्त संडासांच्या फ्लशला. टाक्या दोन, पाइप दोन, एक निळा आणि एक जांभळा. ही कल्पना चावीवाल्यांना मनापासून आवडली होती. सांडपाण्याचा असा दुसरा उपयोग करा, असं त्यांच्या खात्यातला एक साहेब वीस वर्षं सांगत होता आणि सांगता सांगताच निवृत्त झाला होता.

पहिल्याच सकाळी त्यांनी नळाच्या पाण्याने चूळ भरली आणि ती तोंडातच धरून थांबले. क्लोरीनचा वास होता, दणकून होता. त्याचं काही नाही. पण त्याच्या मागे आणखी एक वास होता, ओलं पोतं कोपऱ्यात विसरून राहावं तसा. चूळ थुंकून त्यांनी पेला उजेडात धरला. पाणी स्वच्छ दिसत होतं. पाणी नेहमीच स्वच्छ दिसतं, तोच त्याचा लबाडपणा.

"वास येतोय," ते लेकीला म्हणाले.

"नवे पाइप आहेत बाबा. महिनाभर येणारच, असं सगळे म्हणतात."

महिन्याचे पाच महिने झाले. तेवढ्यात नातीचं पोट तीनदा बिघडलं. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, बाहेरचं खाल्लं का? पोर बाहेरचं काही खात नव्हती, आणि अलीकडे घरचंही खात नव्हती. स्वयंपाकघरात पाणी गाळायचं यंत्र होतं, त्याच्या वर्षभर चालायच्या जाळ्या महिन्यात तुंबायच्या. जाळ्या बदलणारा इतक्यांदा यायचा की पहारेकरी त्याला कुणाकडे म्हणून विचारीत नसे. पण पोर दात घासायची ती न्हाणीघरातल्या नळावर, आणि चूळ भरता भरता दोन घोट गिळायची. एकदा चावीवाल्यांनी ते पाहिलं आणि पेला तिच्या हातातून अक्षरशः हिसकावला. पोर घाबरून रडली. त्या दिवशी त्यांना स्वतःचा राग आला आणि मग, शांतपणे, सगळ्या संकुलाचा.

लेकीने रहिवाशांच्या ग्रुपवर लिहिलं. उत्तरं आली. एकाने जोडलेले हात पाठवले. एकीने लिहिलं, आम्हाला कधीच वास आला नाही, पॉझिटिव्ह राहा. आणखी एकाने आठवण करून दिली की सहाव्या इमारतीतले फ्लॅट अजून विकले जायचे आहेत, तेव्हा ग्रुपवर काय लिहायचं याचं भान ठेवावं. शेवटी सेक्रेटरींनी लिहिलं की काकांना शंका असेल तर त्यांनी ऑफिसात यावं, स्वागत आहे.

सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते. याच इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहायचे. ऑफिसात एसी इतका गार होता की चावीवाल्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

"काका, बसा. तुम्ही महापालिकेत होतात ना? प्लंबर?"

"पाणी सोडायचो."

"छान. तर आपण पाणी तपासून घेतलंय." त्यांनी कागद सरकवला. "लॅबचा रिपोर्ट. शंभर टक्के पिण्यायोग्य."

चावीवाल्यांनी कागद सावकाश वाचला. "नमुना कुठून घेतला?"

"टाकीतून. पिण्याच्या."

"टाकीतलं पाणी चांगलंच असणार. नळाचं कुठे तपासलंत?"

"काका, टाकीतलंच नळात येतं ना?"

"तेच तर विचारतोय."

सेक्रेटरी हसले. त्यांचे दात फारच सुंदर होते. "मी डॉक्टर आहे. आजारपण कशाने होतं ते मला थोडंफार कळतं."

"दातांचे."

"हो, पण डॉक्टरच."

"मग दिवसातून दोनदा ते तोंडात घेऊन बघता तुम्ही. तरी वास येत नाही?"

सेक्रेटरी उठले. भेट संपल्याचं सांगायची ही सुसंस्कृत पद्धत असते. दारापर्यंत पोचवताना त्यांनी चावीवाल्यांच्या पाठीवर हात ठेवला. "या वयात रिकामं बसलं की मनात असं काहीतरी येतं. आपल्या ज्येष्ठांचा हास्यवर्ग आहे रोज सकाळी. येत चला."

चावीवाले हास्यवर्गाला गेले नाहीत. ते तळघरात गेले.

पंपघरात चाळिशीचा एक पंपवाला असायचा, ठेकेदाराचा माणूस. चावीवाल्यांनी त्याला बाहेरूनच विचारलं, कुठल्या कंपनीचे व्हॉल्व्ह, कधी बसवले, गळतात का. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाला तिसऱ्या वाक्यात ओळखतो. पंपवाल्याने आतून दुसरी खुर्ची आणली.

"तुम्हाला वास येतो का हो पाण्याला?" चावीवाल्यांनी विचारलं.

"येतो की."

"मग सांगितलं नाही कुणाला?"

"सांगितलं. ठेकेदार म्हणाला, तू तिथे राहतोस का? नाही ना. मग नाक कशाला खुपसतोस. मी घरून बाटली आणतो आपली."

चावीवाल्यांनी पाइप पाहिले. टाक्यांपासून भिंतीपर्यंत दोन्ही नीट दिसत होते, निळा निळ्या जागी, जांभळा जांभळ्या जागी. भिंतीत शिरल्यावर मात्र ते मागच्या अरुंद बोळात जायचे आणि बोळाचं तोंड विटा लावून बुजवलेलं. दुसऱ्या बाजूला, इमारतीखाली, पाइप पुन्हा बाहेर यायचे, आणि तिथला रंग बांधकाम संपल्यावर एकदम मारलेला होता. म्हणजे मधे काय झालं ते भिंतीला ठाऊक. खात्यात असल्या वेळी खोदकाम करीत नसत. एक बंद करायचं आणि काय थांबतं ते बघायचं. या परीक्षेला लॅब लागत नाही. चाक फिरवायला हात लागतात.

"आत यायला मला परवानगी नाही," चावीवाले म्हणाले.

"नाहीच," पंपवाला म्हणाला. "रविवारी आठला मी चहाला जातो. कुलूप लावतोच. कधी कधी राहून जातं."

शनिवारी नातीचं पोट चौथ्यांदा बिघडलं. लेक तिच्या उशाशी बसून होती, ऑफिसातले कपडे न बदलता.

"उद्या साडेआठला ग्रुपवर एक वाक्य टाकशील?" चावीवाल्यांनी विचारलं आणि वाक्य सांगितलं.

"बाबा, मला इथे राहायचंय. लोक काय म्हणतील?"

"काही म्हणाले तर बरंच होईल. अजून कुणी काही म्हणतच नाहीये."

लेकीने पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले.

रविवारी आठ वाजून दहा मिनिटांनी चावीवाल्यांनी आपल्या इमारतीकडे जाणारा, सांडपाण्याच्या टाकीच्या तोंडाशीच असलेला व्हॉल्व्ह पकडला. चाक नवं आणि ताठ होतं. खांदा दुखला, पण फिरलं. पिण्याच्या टाकीला त्यांनी बोट लावलं नाही. मग खुर्ची ओढून बसले.

वर ग्रुप जागा झाला. किचनला पाणी नाही. आमच्याकडेपण नाही. कुक आलीये, पाणी कधी येणार? एकाने लिहिलं, मी शॉवरमध्ये आहे, डोळ्यांत साबण आहे, कृपया कुणीतरी काहीतरी करा. सेक्रेटरींनी लिहिलं, तांत्रिक अडचण आहे, संयम ठेवा. एका भाबड्या बाईंनी कळवलं, आमचा फ्लश मात्र मस्त चालू आहे, कुणाला लागलं तर या.

साडेआठला लेकीने वाक्य टाकलं: "बाबांनी फक्त फ्लशचं पाणी बंद केलं आहे. नळाच्या पाण्याला हात लावलेला नाही."

सात मिनिटांनी भाबड्या बाईंनी आपला संदेश पुसून टाकला.

इमारतीत लोक राहायला आल्यापासूनचे आठ महिने छप्पन्न घरांनी कशाने तांदूळ धुतले, कशाने चूळ भरली आणि तान्ह्या मुलांना कशाने आंघोळ घातली, हे एव्हाना प्रत्येकाला कळलं होतं. संडासांना त्याच आठ महिन्यांत गाळून, तपासून, शंभर टक्के पिण्यायोग्य पाणी मिळत होतं. अख्ख्या इमारतीत तब्येतीची काळजी घेतली गेली ती त्यांचीच.

नऊ वाजून पाच मिनिटांनी चावीवाल्यांनी व्हॉल्व्ह उघडला. उघडायची त्यांची इच्छा नव्हती, पण लोकांच्या डोळ्यांत साबण होता.

आता बोळ फोडला गेला, पाइप उलटे जोडलेले सापडले, दोन दुपारींत सुलटे झाले. फलकावर सूचना लागली: "पाणीपुरवठा व्यवस्थेत गुणात्मक सुधारणा करण्यात आली आहे. सहकार्याबद्दल आभार." नेमकं काय सुधारलं ते लिहिलं नव्हतं. ग्रुपवर बत्तीस जणांनी टाळ्या पाठवल्या. चावीवाल्यांना कुणी काही विचारलं नाही. नातीचं पोट मात्र चौथ्या दिवशी ताळ्यावर आलं, आणि तिने भूक लागली म्हणून घर डोक्यावर घेतलं.

आठवड्याने पत्र आलं. सामाईक मालमत्तेत अनधिकृत प्रवेश, यंत्रणेशी छेडछाड, रहिवाशांत घबराट. पंपवाल्याला कामावरून थांबवलं होतं. चावीवाल्यांनी सहाही इमारतींच्या फलकांवर सात दिवस लेखी जाहीर माफी लावली, तर समिती दोन्ही बाबींचा सहानुभूतीने विचार करणार होती.

लेकीने पत्र दोनदा वाचलं आणि टेबलावर आपटलं. "लावायची नाही. एक शब्दही लिहायचा नाही, बाबा. त्यांनी आपली माफी मागायला हवी. मी जाते वर, त्यांच्या दारात उभी राहते."

"पंपवाल्याला घर आहे," चावीवाले म्हणाले. "माफी लावणार. त्यांना हवी तशी. तू फक्त टाइप करून दे, माझं अक्षर वाईट आहे."

ते सांगू लागले, ती टाइप करू लागली. तिसऱ्या ओळीला तिची बोटं थांबली. तिने बापाकडे पाहिलं, आणि कित्येक आठवड्यांनी तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सहाही फलकांवर माफी लागली.

"मी, फ्लॅट नऊशे दोनमध्ये राहणारा, जाहीर माफी मागतो. गेल्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी सकाळी ८.१० ते ९.०५ या वेळात मी परवानगीशिवाय पंपघरात शिरून फक्त संडासाच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला. त्यामुळे आमच्या इमारतीतल्या छप्पन्न घरांच्या स्वयंपाकघरांत आणि न्हाणीघरांत पाणी आलं नाही. संडासांत ते व्यवस्थित चालू होतं. याआधीचे आठ महिने नळांना पाणी सुरळीत येत होतं, त्यात माझ्यामुळे पंचावन्न मिनिटांचा खंड पडला, याबद्दल दिलगीर आहे. पंपवाल्यांचा यात संबंध नाही, दार मी उघडं पाहून शिरलो."

पहिले दोन दिवस लिफ्टपाशी माणसं घोळक्याने उभी राहिली. लिफ्टमधली बाई मजले सांगत येत-जात होती आणि आत कुणी शिरत नव्हतं. ज्यांनी टाळ्या पाठवल्या होत्या ते चष्मा लावून तारखा मोजत होते. लॅबचा नमुना कुठून घेतला होता, असं पहिल्यांदा तिसऱ्याच कुणीतरी विचारलं. पंपवाला शनिवारी कामावर परतला.

चौथ्या दिवशी, रविवारी, फ्लॅट बघायला आलेलं एक कुटुंब सहाव्या इमारतीच्या फलकाशी बराच वेळ थांबलं आणि लिफ्टकडे न जाता फाटकाकडे वळलं. दहा मिनिटांत तिथला कागद नाहीसा झाला. चावीवाले दुसरा घेऊन गेले. ते तो लावत असताना सेक्रेटरी धापा टाकत आले.

"काका, पुरे झालं आता. माफी पोचली. काढून टाका सगळ्या."

"पत्रात सात दिवस लिहिलंय."

"मी सांगतो ना, गरज नाही."

"लेखी द्या." चावीवाल्यांनी खिशातून टेप काढली. "नाहीतर पुन्हा म्हणाल, परवानगीशिवाय काढल्या."

चावीवाल्यांनी कागदाचे चारही कोपरे चिकटवले, आणि जोड गळतोय का ते बघावं तसा प्रत्येक कोपरा अंगठ्याने दाबून पाहिला. गळत नव्हता.