बेबीताईंचा आकडा

माझ्या नणंदेला घरात सगळे बेबी म्हणतात. पन्नाशी उलटली, हाताखाली डॉक्टरेट करणारी मुलं तयार झाली, तरी सासूबाईंच्या लेखी ती बेबीच. मी वयाने लहान, म्हणून बेबीताई म्हणते. तारे कसे जन्माला येतात हा त्यांचा विषय. आकाशात धूळ आणि वायूचे प्रचंड गार ढग असतात. त्यातला काही भाग आकसत जाऊन तारे होतात, बाकीचा नुसताच विरतो. किती भागाचे तारे होतात, याचा एक आकडा ताईंनी तरुणपणी काढला आणि जगभरातले लोक तो वापरू लागले. सासूबाई मात्र शेजारणींना सांगत, "ती ढगांचं काहीतरी करते. पावसाच्या नाही हं, वरच्या."

संस्थेतली त्यांची खोली मी पाहिली आहे. खिडकीला काळा पुठ्ठा, टेबलावर दोन स्क्रीन, खुर्चीच्या पाठीला बारमाही स्वेटर. कपाटावर एक वाळकं रोप आहे, त्याला मुलं 'विझलेला तारा' म्हणतात. या खोलीची एक रीत आहे: नवीन आलेल्या विद्यार्थ्याने सगळ्यात आधी ताईंचा तो गाजलेला आकडा स्वतः काढून दाखवायचा. तो जमला की मगच पुढचं काम.

मागे एक मुलगी आली, तिला तो जमेना. तिचं उत्तर दर वेळी ताईंच्या निम्म्याच्या आसपास. ताईंनी तिला पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा. पोरगी रडकुंडीला आली. शेवटी ताई खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसल्या, एकेक पायरी तिच्याबरोबर करत गेल्या आणि मध्येच थांबून स्वतःचं जुनं काम उघडून बसल्या.

संध्याकाळी त्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. म्हणाल्या, "वहिनी, चूक तिची नाही, माझी आहे. दुर्बिणीच्या चित्रात ढगामागचा उजेडही मिसळलेला असतो. तो वजा करावा लागतो. वेधशाळेने तो आधीच वजा करून पाठवला होता, तसं सोबतच्या टिपेत लिहिलंही होतं. मी टीप न वाचता पुन्हा वजा केला. सोललेला बटाटा पुन्हा सोलला. ढग होता त्यापेक्षा लहान दिसला आणि तारे फार झाल्यासारखे वाटले."

"आणि आधीच्या मुलांना कसं कळलं नाही?"

"ती माझ्याच कॉम्प्युटरवरची चित्रं घेऊन माझ्याच पायऱ्यांनी जात होती. हिने चित्रं थेट वेधशाळेकडून मागवली आणि टीप वाचली."

"मिक्सरचं पुस्तक वाचणाऱ्यांतली दिसतेय," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. हसणार तरी कशा? महिन्याभरात त्यांची प्राध्यापकपदासाठी मुलाखत होती. आधी दोनदा ते पद हुकलं होतं, आणि या खेपेला सगळी भिस्त त्या आकड्यावर होती.

जेवताना हे म्हणाले, "बेबे, मुलाखत होऊ दे, मग सांग. तेवढ्यात तारे काही पळून जात नाहीत."

"तारे नाही पळत, दादा. पण लोक रोज त्या आकड्यावर काहीतरी रचताहेत."

"इतकी वर्षं रचलं, आणखी महिनाभर रचू देत."

"तुला कुणी विचारलंय का?" सासूबाईंनी मध्येच विचारलं.

"नाही."

"मग आपणहून कशाला पायावर धोंडा पाडून घेतेस?"

ताईंनी ताटावरून नजर उचलली नाही. "एक म्हातारे प्राध्यापक आहेत, आई. त्यांचा आकडा पहिल्यापासून निम्माच येत होता. माझ्यामुळे सगळे त्यांना चुकीचं ठरवत आले."

मग हेच म्हणाले, "असं असेल तर त्यांना आधी कळव."

ताईंनी त्यांना आधी कळवलं आणि मग जाहीर दुरुस्ती छापली, चूक कुणामुळे सापडली ते त्या मुलीच्या नावासकट. मुलाखतीत समितीने विचारलं, "ज्या कामावर तुमचं नाव झालं, तेच चुकलं म्हणता?"

"हो. बरोबर आकडा अर्जाच्या पुढच्या पानावर आहे."

पद दुसऱ्याला मिळालं. सासूबाईंनी बरेच दिवस ढगांचं नाव काढलं नाही.

पुढच्या वर्षी संस्थेत मोठी परिषद भरली. ताईंनी मला मागच्या रांगेत बसवलं. मला कळण्यासारखं थोडंच होतं, पण एवढं नक्की कळलं: नव्या आकड्याने तीन वेगवेगळ्या रीतींची उत्तरं एकमेकांशी जुळली होती आणि एक जुना वाद मिटला होता. बोलायला उठणारा जो तो आपण जुनी चित्रं पुन्हा कशी तपासतोय ते सांगत होता. दोघातिघांनी तर नव्या विद्यार्थ्यांकडून आपलंच जुनं काम पुन्हा करून घ्यायला सुरुवात केली होती, तेही मूळ चित्रांपासून. चहाच्या वेळी ते म्हातारे प्राध्यापक काठी टेकत ताईंजवळ आले.

"तुम्ही माझी झोप उडवली होती," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"आता बरी लागते." आणि ते ताईंच्या शेजारी बसले. दिवसभर तिथून हलले नाहीत.

या वर्षी ताई प्राध्यापक झाल्या. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, तुमच्या संशोधनाचा इतरांवर काय परिणाम झाला? ताईंनी सांगितलं, "बऱ्याच जणांना सगळं पहिल्यापासून करावं लागलं."

सासूबाईंच्या मते अशा वेळी स्वतःबद्दल जरा बरं काहीतरी सांगायला हवं होतं. मी मात्र ते उत्तर भेटेल त्याला सांगत सुटले आहे.