गुहेत राहिलेली हाक

चि. इरा आणि चि. नील,

नाताळच्या सुट्टीत तुम्ही टोरांटोहून वैशूआत्याकडे ग्वामला जाणार आहात. ती तुम्हाला रिटिडियनच्या अभयारण्यात नेणार, आणि तिथे आजोबांचं काय झालं ते तिखटमीठ लावून सांगणार. म्हणून आधी मीच लिहिते... जसं घडलं तसं. मुलुंडच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं करत असे. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

रिटिडियन म्हणजे बेटाचं उत्तर टोक. एका बाजूला पांढरी वाळू, दुसऱ्या बाजूला उंच कडा, मध्ये दाट रान. तिथले मूळ रहिवासी चामोरो लोक. त्यांचं फार जुनं गाव या रानात होतं. ज्या दगडी खांबांवर त्यांची घरं उभी असत, त्यांतले काही अजून आहेत – खांबाच्या डोक्यावर वाडगा ठेवावा तसा गोल दगड. कड्याखाली गुहा आहेत आणि आत भिंतीवर माणसांची चित्रं.

यंदा गणपतीच्या आधी मी आणि आजोबा वैशूकडे गेलो, तेव्हा ती आम्हाला तिथे घेऊन गेली. आमच्याबरोबर तिची शेजारीण होती, तान रोसा. ही चामोरो बाई माझ्याच वयाची, पण गुडघे माझ्यापेक्षा बरे. रानाच्या तोंडाशी ती थांबली आणि हळू आवाजात काहीतरी पुटपुटली.

"आई, ती पूर्वजांची परवानगी मागतेय," वैशू म्हणाली. "ग्वेला यान ग्वेलो, म्हणजे आजी आणि आजोबा. त्यांना विचारल्याशिवाय आत जायचं नाही. आणि आत आरडाओरडा नाही."

मी विचारलं. श्रद्धेने नव्हे... दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण बेल वाजवतो, तेवढंच.

तुमचे आजोबा म्हणाले, "तिकीट लागत नाही ना? मग परवानगी कसली?"

मालवणला हाच माणूस जागेची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवल्याशिवाय स्वतःच्या बागेत पाऊल टाकत नाही. तसं मी म्हटलंही. तर म्हणाले, "त्याची हद्द वेगळी गं. हे अमेरिकेत येतं."

मग गुहा आली. आमच्या लग्नानंतर आम्ही माथेरानला गेलो होतो. तिथल्या एको पॉइंटवर यांनी माझ्या नावाने अशी आरोळी ठोकली होती, की शेजारची घोडी बुजली. तेव्हापासून दरी दिसो, बोगदा दिसो, रिकामा हॉल दिसो, यांना राहवत नाही. मी "अहो, नको" म्हणेपर्यंत यांनी तोंडाला हात लावलेसुद्धा.

"सुमेऽऽऽ!"

एवढी मोठी गुहा, पण प्रतिध्वनी म्हणून आला नाही. आवाज नुसता आत गेला. यांनी माझ्याकडे वळून तोंड उघडलं, बहुधा तक्रार करायला, आणि तोंडातून काहीच बाहेर पडलं नाही. कुजबूजही नाही.

तान रोसाने कपाळावर हात मारला.

दोन दिवसांनी आम्ही मुलुंडला परतलो तेव्हाही तेच. खरं सांगते, सुरुवातीला मला फार बरं वाटलं. टीव्हीवरच्या बातम्यांना उलट उत्तरं नाहीत, "माझा चष्मा कुठंय" नाही. एक आख्खी कादंबरी वाचून झाली. मग हे सोफ्यावर बसून मला स्वयंपाकघरात व्हॉट्सॲप करायला लागले. "चहा." मग "चहा??" मग नुसतं रडकं तोंड.

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाले, "घसा एकदम झकास आहे. आजोबा, घरात भांडण झालंय का?"

यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

गणपती तोंडावर आले. आमच्या बिल्डिंगच्या गणपतीपुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं काम दरवर्षी यांचंच; बाकीच्यांनी नुसतं "होय म्हाराजा" म्हणायचं. कमिटीचे सावंत येऊन म्हणाले, "काका, तुम्ही आराम करा, यंदा मोबाइलवर रेकॉर्ड लावू." हे मानेने हो म्हणाले. सावंत गेल्यावर मात्र गॅलरीत जाऊन पाठमोरे उभे राहिले, ते जेवायला बोलावेपर्यंत. त्या दिवशी मला ती शांतता नकोशी झाली. मी वैशूला फोन लावला.

वैशू आणि तान रोसा पुन्हा त्या गुहेशी गेल्या. तिथे रेंज कधी असते, कधी नसते. त्या दिवशी होती. व्हिडिओ कॉलवर गुहेचं काळं तोंड दिसत होतं. माफी मागायची, पण ज्यांनी मागायची त्यांना आवाज नाही. मग मीच पदर खोचला. इंग्रजीत माफी मागून पाहिली, पण ती रजेच्या अर्जासारखी वाटली. शेवटी माहेरची मालवणी आठवली.

"बा देवा म्हाराजा! थयल्या आजयांनो, आजोबांनो! ह्या माणसाक अक्कल कमी आसा, पण मन वायट नाय. तुमच्या घरात न इचारता बोंबाललो, तेची माफी करा. तेचो आवाज तेका परत देवा, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" तिकडून वैशू. तान रोसाही काय समजायचं ते समजून म्हणाली, "होय माराजा!"

आणि माझ्या कानाशी, गंजलेल्या बिजागरीसारखं, "होय... म्हाराजा."

हे बोलले! मी यांच्याकडे पाहते आहे, यांचं तोंड आता मिटलेलं आहे, डोळे भरलेले आहेत... आणि तेवढ्यात फोनमधून, त्या गुहेच्या आतून, स्पष्ट ऐकू आलं:

"सुमेऽऽऽ!"

"आई, आप्पा ओरडले का गं?" वैशूने घाबरून विचारलं.

"नाही," आप्पाच म्हणाले.

यंदाचं गाऱ्हाणं यांनीच घातलं, तेही नेहमीपेक्षा लांब. सावंत मध्येच घड्याळ बघत होते. आता दिवसभर तोंड बंद नसतं. फक्त एक शब्द येत नाही. "सुमे" म्हणायला जातात, ओठ हलतात, पण आवाज नाही. डॉक्टर म्हणतात असं होऊच शकत नाही. मीही तेच म्हणाले असते. आता मला "अगं" म्हणतात.

तान रोसा सांगते, वारा पडला की गुहेतून कधीकधी हाक येते. ती विचारते, ही सुमे कोण?

तेव्हा, मुलांनो, आत जाताना विचारून जा. हाक आली तर घाबरू नका. तुमच्या आजोबांनी मला मारलेली हाक आहे, आणि ती अजून तिथे आहे.

तुमची,
आजी