माल काय?

त्र्यंबक रोडच्या जकात नाक्याशेजारी मी रोज सकाळी चहा प्यायचो, तेव्हा तो म्हातारा बाकावर असायचाच. कारकून ट्रकवाल्यांना “माल काय?” विचारायचा आणि इकडे म्हाताऱ्याचे ओठ उत्तर दिल्यासारखे हलायचे. बंदी येईपर्यंत त्याचं गांजाचं सरकारी परवान्याचं दुकान होतं. आता तो झेंडूची पाटी घेऊन बाजाराला जायचा.

“गांजालाबी जकात व्हती,” तो एकदा मला म्हणाला. “तवा त्याला माल म्हणायचे. आता पोलीस मुद्देमाल म्हणत्यात.”

एके दिवशी कारकुनाने गमतीने त्यालाच विचारलं, “बाबा, माल काय?”

म्हातारा ताडकन उठला. टोपी नीट केली, पाटीवरचं फडकं काढलं.

“फुलांना जकात नाही. जा,” कारकून म्हणाला.

म्हातारा हलेना.

“तरीबी एक पावती फाडा की, साहेब.”