दात ते धनी

सकाळी आठच्या सुमारास उत्तमच्या मुलाचा फोन आला. "काका, अण्णा गेले," एवढंच म्हणाला. आणि मी विचारलं, "कुठं? पुन्हा दिल्लीला का?" तो हळूच म्हणाला, "न्हाई काका. गेले." या गोष्टीला सहा आठवडे झाले, पण त्या प्रश्नाची लाज अजून उतरलेली नाही. तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला, त्याचं कारण माझ्या स्वभावात आहे. उभी हयात शाळेत लेखनिक म्हणून मी जन्मतारखेचे दाखले तपासले. खाडाखोड दिसते का, हे कागद उजेडात धरून बघायची सवय लागली आणि पुढं माणसांनाही मी तसाच उजेडात धरत गेलो.

उत्तम भूकरमापक होता, लोकांच्या जमिनी मोजायचा. गेवराईकडं नदीकाठची मोजणी असली की दोन्ही बाजूंचे लोक त्याच्या अंगावर धावून यायचे आणि हा मधे उभा राहून शांतपणे तंबाखू मळायचा. उंच गडी, लांब टांगा. त्याचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं, हे त्याच्या सगळ्या कचेरीला ठाऊक होतं. माझा डावा पाय पोलिओनं लहानपणीच अधू झालेला. बीडमध्ये निवृत्तीनंतर आम्ही रोज संध्याकाळी फिरायला जायचो, तेव्हा "हळू चालू का?" असं त्यानं एकदाही विचारलं नाही. फक्त त्याच्या चपलेचा अंगठा दर थोड्या वेळानं निसटायचा आणि ती नीट करायला तो खाली वाकायचा. पेन्शन खाणारा माणूस साधी चप्पल का बदलत नाही, याचा मला संशय यायचा. चिक्कू असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आमच्या बीडजवळच्या एका टेकडीवर दाताची कबर आहे. दिल्लीचा सुलतान तुघलक इकडं आला असताना त्याचा दात पडला आणि त्यानं तो इथं थाटामाटात पुरला, असं सांगतात. बाहेरच्यांना हे सांगितलं की ते हसतात, पण उत्तमला त्या दाताचा भारी नाद. "दात आपल्याकडं हाय बे, अन् बाकीचा धनी तिकडं दिल्लीत निजलाय. एकदा दोघांची गाठ घालाया पायजे," असं तो म्हणायचा. दिल्ली बघायची इच्छा मलाही होती, पण सहलीबरोबर जायला मी कधीच तयार झालो नाही. शाळेत शिकत असताना दौलताबादच्या किल्ल्यावर गाईड सगळ्या वर्गाला घेऊन वर गेला आणि मला खाली सगळ्यांचे डबे राखायला बसवलं. तेव्हापासून गाईड या प्रकाराचं आणि माझं जमत नाही. हे मी उत्तमला किती वेळा ऐकवलं असेल, त्याला गणती नाही.

गेल्या हिवाळ्यात तो एकटाच दिल्लीला जाऊन आला. आल्यावर त्यानं घडी घातलेला एक लांबलचक कागद माझ्या हातात दिला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'दात ते धनी'. सुरुवात आमच्या टेकडीपासून, मग थेट दिल्ली. तुघलकाबादच्या किल्ल्याचा दरवाजा, आतली वाट, बुरूज, मग रस्ता ओलांडून समोर धन्याच्या मकबऱ्यापर्यंत. कुठून कुठं किती पावलं, कुठं उजवीकडं, कुठं पायऱ्या, सगळं मोजणीच्या नकाशासारखं. "गाईड नको, टोळकं नको. कागद धर अन् एकटा चाल," तो म्हणाला.

मी कागद उजेडात धरला. दोन गोष्टी खटकल्या. एक तर पावलं फार होती, उत्तमच्या टांगेला इतकी लागणं शक्यच नव्हतं. दुसरं म्हणजे, दर सव्वाशे-दीडशे पावलांवर लिहिलं होतं 'बस'. किल्ल्याच्या आत कोणती बस? त्यातच आमच्यातल्या एकानं सांगितलं की त्याच आठवड्यात उत्तम त्याला कडा गावाच्या बाजारात दिसला होता. कड्याला उत्तमची लेक दिलेली. झालं, माझी फाईल तयार झाली.

मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आम्ही चार-पाच जण रविवारी चहाला जायचो. तिथं सगळ्यांसमोर मी तो कागद काढला. म्हणालो, "हा दिल्लीला गेलाच नाही. कड्याला लेकीकडं बसून यानं ही दिल्ली लिहिली, अन् किल्ल्यात बस सोडली." सगळे खो-खो हसले. उत्तमही हसला. मग बशीतला चहा संपवून तो माझ्याकडं बघत एवढंच म्हणाला, "दिग्या, तू कागद वाचलास बे, चालला न्हाईस." चोराच्या उलट्या बोंबा, असं मला तेव्हा वाटलं. त्यानंतर दिल्लीचा विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. दोन महिन्यांत त्याच्या छातीत कळ आली आणि माणूस गेला.

घरी भेटायला गेलो तेव्हा उत्तमच्या पत्नी सुमनवहिनी जोत्यावर बसल्या होत्या. मी दुखवट्याला गेलो होतो की चौकशीला, माझं मलाच कळेना, कारण पाचव्या मिनिटाला मी कड्याचं विचारलं. त्या म्हणाल्या, "नगरला पहाटंची दिल्लीची गाडी धरायची म्हणून वाटंवर कड्याला लेकीकडं मुक्काम केलता त्यांनी. तुमाला न्हाई सांगितलं? दिल्लीहून आले ते लई दमून, पाय सुजलते. एकेक वाट दोनदा चालले म्हणं." मी मान खाली घातली. दाराशी त्याची चप्पल होती. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी तिचा अंगठा ओढून पाहिला... घट्ट होता. अंगणात नळाजवळ घडीव दगडांची जोडी असायची, वर फुली कोरलेली, शेताच्या हद्दीला रोवतात तशी. त्यावर बसून आम्ही कितीतरी वेळा बोललो होतो. आता तिथं एकच दगड दिसला. दुसरा कुणी उचलून नेला असेल, असं माझ्या मनात आलंच.

गेल्या रविवारी कागद घेऊन रिक्षानं टेकडीपाशी गेलो. पहिली ओळ होती, 'रस्त्यापासून १४०, बस'. मोजत निघालो. शंभराच्या पुढं डावा पाय भरून आला, नेहमीसारखा. एकशे चाळीसाव्या पावलाला मी थांबलो, कारण पुढं टाकवेना. समोर बघतो तर गवतात एक घडीव दगड. वर फुली. आजूबाजूला तसा दुसरा दगड नाही.

बस. एसटी नव्हे, सिटी बस नव्हे... बस, दिग्या.

ती पावलं उत्तमची नव्हतीच, माझी होती. माझं पाऊल त्यानं कधी मोजलं, कोण जाणे. दिल्लीत दगड नेता येईना, म्हणून तिथं त्यानं कुठं पायरी, कुठं कट्टा, कुठं भिंतीची सावली शोधून ठेवली असणार, प्रत्येक ठिकाणी माझा पाय जिथं थकेल तिथं. आणि मी त्याला चार माणसांत खोटं पाडलं. माफी मागायला दोन महिने होते माझ्याकडं.

आता मार्गशीर्षात मी दिल्लीला जाणार आहे, एकटा. सुमनवहिनींना सांगितलंय. त्या दिवशी मात्र टेकडीवर, बसण्याआधी, मी सवयीनं तो दगड दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तसूभरही हलला नाही. मग मी बसलो.