मामाच्या खेळाला चार मार्क

रत्नागिरीत कौतुक करायची पद्धत नाही. मनात असतं, पण तोंडावर आणायचं नाही, आणि घरच्या माणसाचं तर मुळीच नाही. पाहुण्याने आमच्या आंब्याला चांगलं म्हटलं तर आम्ही लगेच म्हणतो, "छे हो, यंदा काही खास नाहीत." मुलगा वर्गात पहिला आला तर आई शेजारणीला सांगते की पेपरच सोपे होते. मी ही तक्रार करत नाही, मीही त्यातलाच. फक्त याच सवयीपायी मी माझ्या सख्ख्या मामाचं दुकान बुडवलं, आणि बुडताना बघत राहण्यापलीकडे मला काही करता आलं नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षं होती. मी कचेरीत कारकून होतो आणि गावातल्या एका साप्ताहिकात टोपणनावाने परीक्षणं लिहायचो. टोपणनाव कोणाचं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आधी नाटकं, मग सिनेमे. शेवटी दहापैकी मार्क द्यायचे ही कल्पना संपादकांची. आमचं गाव नाट्यस्पर्धांचं. परीक्षक बोलला काय यापेक्षा त्याने गुण किती दिले, हे आधी विचारणारं. मी दोन रकाने घाम गाळून लिहायचो आणि लोक शेवटची ओळ वाचून पेपर भज्यांखाली घालायचे.

त्या सुमारास एसटी स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान निघालं. संपादक म्हणाले, "नवीन खेळ येतायत म्हणे, त्यांचंही लिहा." मी गेलो. चोवीस वर्षांचा बाप्या, शाळेच्या पोरांमध्ये उभा राहून यंत्राचा दांडा हलवतोय. पण मला ते आवडलं, हे कबूल करतो. विमानांच्या खेळाला मी सात मार्क दिले, गाड्यांच्या शर्यतीला पाच. खेळ चांगला की वाईट याची मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवली होती. हरल्यावर राग यंत्राचा येतो की स्वतःचा? स्वतःचा आला तर खेळ चांगला. शर्यतीत समोरची गाडी मध्येच कुठून तरी उगवायची आणि आपण खलास, म्हणून पाच. असं कारणासकट लिहायचो, आणि मला त्याचा थोडा गर्वही होता.

आणि मग मामाने दुकान काढलं.

मामा मूळचा जयगडचा. वीस-बावीस वर्षं बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. वर्षातले दहा महिने पाण्यावर आणि उरलेले दोन महिने मामीच्या हातचं जेवून झोपण्यात. गुडघे गेले, ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा मामीने हट्ट धरला की आता पुरे. "पुन्हा बोटीचा नाव काढायचा नाय," ती म्हणाली. मामाने परदेशी बंदरांत हे खेळ पाहिले होते. मुंबईच्या एका हॉटेलातून जुनी झालेली दोन यंत्रं त्याने आणली, मांडवीच्या रस्त्याला एक गाळा घेतला आणि दारावर फुलांची माळ लावली. सगळं उघड होतं. दुकान चाललं तर मामा घरी राहणार, नाही चाललं तर परत बोटीवर.

दोन यंत्रांतलं एक नावापुरतं होतं, अर्धा वेळ बंदच. खरा खेळ एकच, होडीचा. पडद्यावर समुद्र, पुढे खाडीचं तोंड, आणि खडक चुकवत आत शिरायचं. भरती-ओहोटी होती त्यात. पाणी उतरलं की मघाशी न दिसलेले खडक वर यायचे. पहिल्यांदा खेळलो तेव्हा माझी होडी तीनदा फुटली आणि तिन्ही वेळा चूक माझीच होती. मामा शेजारी स्टुलावर बसून हसत होता.

"वळत नाही रे लवकर," मी म्हटलं.

"होडी अशीच वळते. रिक्षा हाय काय ती?" तो म्हणाला. "पुढचा बघून आधीच वळवायची."

आणि तसं वळवल्यावर होडी गेली की आत! मी ओरडलोच. मामाला त्याचा केवढा आनंद झाला. त्याने स्वतःच्या पैशाने मला आणखी एक डाव खेळायला लावला. त्या दिवशी घरी येताना मनात आकडा पक्का झाला होता. आठ. आजवर कुठल्याच खेळाला दिले नव्हते इतके.

रविवारी दुपारी परीक्षण लिहून टेबलावर ठेवलं. आईने चष्मा लावून वाचलं. मामा तिचा धाकटा भाऊ, जीव की प्राण. वाचून म्हणाली, "आठ? लोक काय म्हणतील? सख्ख्या मामाला आठ, आणि स्टँडवाल्याला सात?"

"पण खेळ चांगला आहे, आई."

"असू दे की. तो काय कुठे पळतोय? आपण कशाला सांगायचं?"

मी आठ खोडून सहा केले. मग वाटलं, सहा म्हणजे धड ना वर ना खाली, लोक म्हणणार भाच्याने सांभाळून घेतलं. कोणाला बोट दाखवायला जागाच राहू नये म्हणून चार केले. चार लिहिल्यावर मला एकदम स्वच्छ वाटलं. आता चार मार्कांना शोभतील असे दोष हवेत, म्हणून लिहिलं की आवाज कर्कश आहे, रंग भडक आहेत आणि होडी फार सावकाश वळते. होडी सावकाश वळते हे लिहिताना मामाची रिक्षा आठवली, पण लिहिलं.

शनिवारी अंक निघाला. संध्याकाळी मामा घरी आला, अंकाची घडी खिशात. मी चहाच्या कपात तोंड घातलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, "चार म्हणजे नापास नाय ना रे?"

"नाही. पस्तीस टक्क्यांना पास असतं. तुझे चाळीस आहेत."

"मग झाला तर," तो म्हणाला. "पास झालो ना आपण!" आणि आईकडे वळून त्याने आणखी एक कप चहा मागितला. आईने तो दिला आणि आत निघून गेली.

मी समजत होतो की लोक माझ्या निःपक्षपातीपणाला मान डोलावतील. आमच्या गावाला मी ओळखलंच नव्हतं. सोमवारी सलूनमध्ये माझ्या तोंडाला साबण लावलेला असताना मागच्या बाकावरून बोलणं कानावर आलं. एक जण म्हणाला, "मांडवीच्या खेळाला चार मिळाले." दुसरा म्हणाला, "भाच्यानेच दिलेत ना ते? मग त्यातले नात्याचे दोन काढा. दोनच्या लायकीचा असणार." सगळे हसले. न्हावीही हसला. साबणामुळे मला तोंड उघडता येईना, आणि उघडून सांगणार तरी काय? नात्याचे चार मी आधीच काढलेत, हे कोणाला पटलं असतं?

दोन आठवड्यांत गाळ्यातली गर्दी ओसरली. कॉलेजची पोरं स्टँडकडे वळली, शाळेची पोरं त्यांच्या मागे. आयांना तर निमित्तच हवं होतं. पेपरात आलंय, तो खेळ चांगला नाही, कशाला जातोस? मामा दुकान उघडायचा, यंत्र पुसायचा, आणि एकटाच खेळत बसायचा. सगळ्यांत जास्त गुण नेहमी त्याचेच असायचे. वीज गेली की ते पुसले जायचे आणि वीज आली की तो पुन्हा शून्यापासून मांडायचा. माझे चार मात्र कुठल्याच विजेने जाईनात.

मी संपादकांकडे गेलो. म्हटलं, मार्क बदलून छापायचेत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "छापलेला मार्क बदलत नसतो. छपाईची चूक असेल तर तेवढा खुलासा देता येईल. आठाच्या जागी चार पडला, असं छापू?" पलीकडे आमचा कंपोझिटर शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत उभा होता. चाळीस वर्षं या धंद्यात, आणि एकही आकडा चुकला नाही याचा त्याला अभिमान. त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे पाहत नव्हता, पण त्याचा कान माझ्याकडे होता. मी म्हटलं, "नको. राहू द्या."

मग मी एक हलकटपणा केला. खोट्या नावाने वाचकाचं पत्र लिहिलं, अक्षर बदलून. होडीचा खेळ उत्तम आहे, परीक्षकाला कळलेला नाही, होडी अशीच वळते, वगैरे. ते छापून आलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तीन जणांनी मला डोळा मारला. "काय, मामाची बाजू घ्यावी लागली ना शेवटी?" म्हणजे चार मार्क खरे आणि पत्र खोटं, हे आता कायमचं ठरलं. मी रोज संध्याकाळी गाळ्यावर जाऊन खेळायला लागलो, तर लोक म्हणाले, कोणी येत नाही म्हणून भाच्याला बसवलंय. जे करावं ते उलटंच फिरत होतं. मला स्वतःची एवढी चीड यायची की रात्रीचं जेवण जात नसे. आणि मामाला वाटायचं कचेरीत त्रास आहे.

"एवढा लावून घेऊ नको," तो मलाच समजवायचा.

शिमगा झाला आणि मामाने यंत्रं सावर्ड्याच्या एका माणसाला देऊन टाकली. गाळ्याची किल्ली परत केली. मुंबईला जाऊन डॉक्टरची तपासणी करून आला, आणि कंपनीने त्याला घेतलं. मामीने लोणच्याची बरणी भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि ती त्याच्या पिशवीत कपड्यांच्या मधोमध बसवली.

निघायच्या दिवशी सकाळी मी स्टँडवर सोडायला गेलो. मामी पाय धरलेत म्हणून घरीच राहिली. मुंबईची गाडी लागली होती. सामान वर टाकून मामा खिडकीशी बसला आणि त्याने मला जवळ बोलावलं.

"एक खरा सांग," तो म्हणाला. "किती द्यायचे होते रे तुला? आईच्या भिडेने चार केलेस काय? मनात दोनच होते?"

म्हणजे तोही तोच हिशेब करत होता.

आठ म्हणायला मी तोंड उघडलं. पण आठ म्हटलं असतं तर त्याला कळलं असतं की त्याचा खेळ चांगला होता, दुकान चालण्यासारखं होतं, आणि तो पुन्हा दहा महिने त्या इंजिनाच्या खोलीत चाललाय तो केवळ माझ्या सभ्यपणापायी. ते घेऊन त्याने बोटीवर चढायचं? आणि चार म्हटलं तर निदान दोष यंत्राचा. ठरवायला वेळ नव्हता, कंडक्टरने घंटी ओढली होती.

"चारच," मी म्हटलं. "मनात पण चारच होते."

त्याचा चेहरा मोकळा झाला. खरंच झाला, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. "मग बरा," तो म्हणाला. "मला उगाच वाटत होता की यंत्र चांगला हाय. माझाच डोळा चुकला."

गाडी मागे सरकायला लागली. मामाने शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं आणि खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवलं. इंजिनाच्या खोलीतली सवय, बोलायचा ते मोठ्यानेच. "हा माझा भाचा. पेपरात लिवतो. सख्ख्या मामाला पण सोडला नाय त्याने, जे खरा तेच लिवला." तो माणूस कौतुकाने माझ्याकडे पाहायला लागला. मी हात वर केला आणि गाडी वळेपर्यंत हलवत राहिलो.