चुन्याचं बोट

आमच्या घरापुढे, अंगणातल्या कडुनिंबाखाली, एक सागवानी बाक आहे. तो बाक म्हणजे माझी सवत. हे मी यांच्या तोंडावर कितीदा तरी बोलले आहे आणि त्यांनी एकदाही नाही म्हटलेलं नाही.

आमच्या शेताच्या बांधावरचं सागाचं झाड वादळात आडवं झालं, तेव्हा हे नुकतेच शाळेतून रिटायर झाले होते. झाड विकायचं नाही असं ठरवून त्यांनी गावातल्या सुताराकडून त्याचा बाक करून घेतला. घरात ठेवायला जागा होती, पण नाही. बाक अंगणातच पाहिजे, येणाऱ्या-जाणाऱ्याने टेकलं पाहिजे. मग उन्हापावसातल्या त्या लाकडाची निगा राखणं हीच त्यांची नवी नोकरी झाली.

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी बाक धुतला जाई. रिठे भिजवून त्या पाण्याचा फेस करायचा आणि मऊ ब्रशने लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासायचं, आडवं नाही. मी एकदा भांड्यांची तारेची घासणी हातात घेतली, तर असे ओरडले की जणू मी ती नातवाच्या गालावरून फिरवणार होते. धुतल्यावर चांगलं खडखडीत वाळू द्यायचं, मग बारीक पॉलिश पेपर, आणि शेवटी जवसाचं तेल. ते जुन्या धोतराच्या फडक्याने पातळ लावायचं आणि वर राहिलेलं पुसून घ्यायचं, नाहीतर बाक चिकट होतो आणि गावभरची धूळ धरतो. हे तेल मी घाण्यावरून ठेच्यावर घ्यायला आणलेलं असायचं. "बाकाले तेल आन् मले कोरडी भाकर," मी म्हणायची. हे हसायचे आणि फडकं पुन्हा वाटीत बुडवायचे.

त्या बाकावर रोज संध्याकाळी यांचे एक मित्र येऊन बसत. दोघं एका पाटीवर शिकलेले. हे मास्तर झाले, भाऊजी शेतीत राहिले. शेतातून परतताना भाऊजी आमच्या फाटकात वळायचेच. बसले की डबी काढायची, तळव्यावर तंबाखू आणि चुना मळायचा, वरून दोन थापा मारायच्या आणि अर्धी चिमूट यांच्यापुढे धरायची. यांच्याजवळ स्वतःची डबी कधीच नव्हती. लग्न होऊन आले तेव्हापासून मी दोघांच्या कानीकपाळी ओरडले, पण ऐकतो कोण!

तंबाखू मळून झाली की बोटाला थोडा चुना उरतो. तो आमच्याकडे हात पोचेल तिथे पुसतात. खांबाला, दाराच्या चौकटीला, एसटीच्या सीटला. भाऊजी तो बाकाच्या हाताला पुसत. वरचा पांढरा चुना खरवडून निघायचा, पण खाली लाकडावर काळसर डाग राहायचा. हे मनातल्या मनात कुढत.

एका उन्हाळ्यात तेलपाणी होऊन बाक लख्ख झालेला, घरी पाहुणे बसलेले, आणि भाऊजींनी नेहमीच्या जागी बोट पुसलं. यांचा तोल गेला. "अक्कल हाय का बे तुले? सागाची चीज हाय ही, तुह्या गोठ्यातला खुंटा नाही!"

भाऊजींनी खांद्यावरच्या रुमालाने ती जागा पुसली, उठले आणि गेले. त्यानंतर ते आमच्या घरावरून जाताना रस्त्याच्या पलीकडच्या कडेने, मान खाली घालून जाऊ लागले.

हे म्हणाले, "गेला तं गेला." पण दिवस मावळायला लागला की नजर फाटकावर. मला संताप यायचा आणि वाईटही वाटायचं. लाकडाला इतकं जपणाऱ्या माणसाला दोस्ताशी दोन शब्द बोलता येत नव्हते. पावसाळा लागला तसा त्यांनी बाक ताडपत्रीत करकचून बांधून टाकला. "कोणी बसतच नाही, तं भिजवाचा कायले?"

सोयाबीन काढणीला आलं आणि झाकायला ताडपत्री हवी म्हणून ती सोडली, तर आतून कुबट वास आला. हवाच न लागल्याने बाकभर काळी बुरशी चढली होती. उघड्यावर इतके पावसाळे खाऊन त्या लाकडाला काही झालं नव्हतं. हे म्हणाले, "चुकलं माह्यं." ते बाकाबद्दल बोलत नव्हते, एवढं मला कळलं.

तोंडाला रुमाल बांधून त्यांनी बुरशी झाडली. रिठ्याचं पाणी झालं, ऊन झालं, तेल झालं. मग उरलेल्या सागाची एक छोटी पट्टी कापून बाकाच्या हातावर स्क्रूने बसवली. तिला तेल लावलं नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"त्याच्या बोटाले."

मी आत गेले, कारण मला रडू आलं होतं.

तेल वाळलं त्या संध्याकाळी हे फाटकाबाहेर जाऊन रस्त्यातच उभे राहिले. भाऊजी आले. "बाक झाला," हे म्हणाले, "बसाले चाल." भाऊजी आत येऊन बसले. पट्टीवरून त्यांनी अंगठा फिरवला.

"माह्यासाठी केली?"

"मंग कोणासाठी?"

भाऊजींचा हात खिशाकडे गेला नाही. "म्या सोडली बे तंबाखू. एकट्यानं मळाले हातच उठत नाही. अर्धी कोणाले देऊ?"

"म्याबी कोणाजवळून घेतली नाही," हे म्हणाले.

मी चहा घेऊन दारात उभी होते. ज्याच्यासाठी जन्मभर डोकं फोडलं ते आपोआप झालं होतं. मी खरं तर देवापुढे नारळ फोडायला हवा होता. पण रिकामे हात मांड्यांवर ठेवून बसलेल्या त्या दोघांना पाहून माझा जीव तुटला. मी दोघांच्या हातात एकेक कपबशी दिली.

भाऊजींनी अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी यांच्यापुढे धरली. यांचा कप भरलेला होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी बशी घेतली.